हातात मावणारा खेळ

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



वर्धापनदिनाला एखाद्या सभासदाने आपल्या हाताने केलेल्या वस्तूविषयी चार शब्द बोलावेत, असा आपल्या मंडळाचा प्रघात आहे. आजवर आपण कशिद्यावर ऐकले, गच्चीवरच्या भाजीवर ऐकले, गेल्या खेपेला गोधडीवर ऐकले. यंदा सेक्रेटरीबाईंनी माझे नाव घातले तेव्हा मला घामच फुटला. मी म्हटले, "अहो, मी सातवी शिकलेली बाई. माईकपुढे उभी राहून काय बोलणार?" त्या म्हणाल्या, "तुम्ही ते खेळाचे यंत्र केलेत ना, त्याचेच सांगा. घरात सांगता तसेच सांगा." तेव्हा मी घरात सांगते तसेच सांगणार आहे. चुकले तर सांभाळून घ्यावे.

टेबलावर ही जी निळी डबी ठेवली आहे, ती प्रवासात न्यायची साबणाची डबी आहे. हिच्या झाकणाला चौकोनी खिडकी कापून आत पडदा बसवला आहे. डाव्या अंगाला चार बटने आहेत, वर, खाली, डावीकडे, उजवीकडे. उजव्या अंगाला दोन आणि खाली बारीक दोन, अशी एकंदर आठ. कडेची कळ सरकवली की अर्ध्या मिनिटाने पडदा उजळतो आणि आपल्या लहानपणी दूरदर्शन संचाला जोडून मुले खेळत तसले खेळ सुरू होतात. ही डबी मी आणि माझ्या मुलाने मिळून २०२४ साली केली. आत काय आहे ते सांगतेच, पण ती करावी का लागली ते आधी सांगितले पाहिजे. नाही तर ही गोष्ट नुसती हौसेची वाटेल, आणि ती तशी नाही.

माझा मुलगा डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला होता. २०२४ च्या उन्हाळी परीक्षेत त्याचे तीन विषय राहिले आणि वर्ष गेले. मुलांच्या भाषेत 'वायडी' झाला. आपल्यापैकी पुष्कळजणींना हे ठाऊक होते, पण कोणी माझ्यापाशी बोलले नाही, याबद्दल मी तेव्हा मनातून आभार मानले होते. मुलगा खोलीचे दार लावून बसू लागला. ताट आत नेऊन ठेवावे, रिकामे ताट बाहेर आणावे. दोन महिने त्याने घरात कोणाशी धड एक वाक्य बोलल्याचे मला आठवत नाही. यजमान रागावून पाहत, सासूबाई देवापुढे बसत, आणि मी दाराला कान लावून उभी राही. आत पंखा सुरू आहे, खुर्ची वाजते आहे, एवढे ऐकू आले की जीव खाली पडे. आई असलेल्या बाईला यापेक्षा जास्त सांगायला नको.

ऑगस्टमध्ये त्याला गणिताच्या शिकवणीसाठी चार हजार रुपये दिले. महिनाअखेर कळले की शिकवणीला तो गेलाच नव्हता. कपाट आवरताना पुठ्ठ्याचे खोके सापडले. त्यात हिरव्या रंगाची एक पाटी, एक काचेचा पडदा, तारा, बटने, सगळे अर्धवट जोडलेले. मी ते खोके त्याच्यापुढे आपटले. नको ते बोलले. तो काहीही बोलला नाही. उठला आणि ते खोके त्याने कचऱ्याच्या डब्यात टाकले.

रात्री सगळी निजल्यावर मी ते खोके बाहेर काढले. खरे सांगायचे तर पैशाची वस्तू म्हणूनच काढले. ओट्यावरच्या दिव्याखाली धरले आणि पाहते तो काय, सगळे जोड कच्चे! मोहरीसारखे गोल गोल गोळे बसलेले, वर राखेचा रंग. मैत्रिणींनो, हे मला कळले कसे, तेही सांगते.

माझे माहेर पुण्यातच, भवानी पेठेत. सातवीनंतर माझी शाळा सुटली. आमच्या गल्लीमागे ट्रान्झिस्टर रेडिओ जोडण्याचा एक छोटा कारखाना होता. तिथे आम्ही दहा-बारा मुली बाकावर बसून दिवसभर जोड द्यायचो. आपल्या आया याला डाख देणे म्हणत. शिसे आणि कथील यांची बारीक तार, तिच्या पोटात राळ, आणि हातात तापलेली सळई. जितक्या पाट्या तितके पैसे. लग्न होईपर्यंत तीन वर्षे मी हेच केले. लग्नाच्या वेळी "मुलगी काय करते?" या प्रश्नाला "घरीच असते" असे उत्तर दिले गेले, आणि मीही ते काम विसरून गेले. वीस-पंचवीस वर्षांत त्याचे कोणी नाव काढले नाही. पण हात विसरत नाहीत. पोळी लाटणे जसे विसरत नाही, तसेच ते.

सकाळी मी त्याच्या दाराशी गेले आणि म्हटले, "अरे, तुझे जोड कच्चे आहेत. तू आधी डाख वितळवतोस आणि मग वरून चिकटवतोस. असं नाही करायचं. आधी पाटी आणि तार दोन्ही तापवायची, मग डाख तिथे नेऊन लावायचा. तो आपोआप पसरतो."

आतून आवाज आला, "तुला काय माहीत?"

दोन महिन्यांनी ऐकलेले ते पहिले वाक्य. उद्धट होते, पण माझ्या कानाला ते सनईसारखे लागले. मी म्हटले, "दार उघड, दाखवते."

आता त्या खोक्यात काय होते ते सांगते. ती हिरवी पाटी म्हणजे एक सबंध संगणक आहे. लांबी साडेसहा सेंटिमीटर, रुंदी तीन. म्हणजे बिस्किटापेक्षाही अरुंद. तिचे नाव रास्पबेरी पाय झिरो टू डब्ल्यू. हिची कुळकथा मोठी गोड आहे. इंग्लंडात केंब्रिज नावाचे विद्यापीठाचे गाव आहे. तिथल्या इबेन अप्टन वगैरे मंडळींच्या ध्यानात आले की संगणकाचे शिक्षण घ्यायला येणारी मुले कमी होत चालली आहेत, आणि जी येतात त्यांना यंत्राच्या पोटात काय चालते ते माहीत नसते. कारण घरोघरचे संगणक महाग आणि बंदिस्त. मूल उघडू गेले की आई ओरडणार! म्हणून मुलांना मोडता-जोडता येईल, बिघडले तरी घर बुडणार नाही, असा स्वस्त संगणक त्यांनी केला आणि २९ फेब्रुवारी २०१२ रोजी विकायला काढला. २०१५ साली त्यांनी त्याची आणखी धाकटी बहीण काढली, पाच डॉलरची, आणि आपल्या मासिकाच्या अंकावर चिकटवून ती वाचकांना फुकट दिली. दिवाळी अंकाबरोबर कॅलेंडर मिळावे तसा संगणक! आमच्याकडे आहे ती २०२१ साली निघालेली नवी आवृत्ती.

आता या पाटीवर जुने खेळ कसे चालतात, हे मुलाने मला तीनदा सांगितले. तिसऱ्या खेपेला कळले ते असे. पूर्वीच्या प्रत्येक खेळयंत्राचे डोके वेगळे. एकाची कॅसेट दुसऱ्यात चालत नसे. आता या नव्या पाटीत एक प्रोग्रॅम बसवतात आणि तो जुन्या यंत्राचे सोंग घेतो. खेळ जुन्या यंत्राला उद्देशून जो जो हुकूम सोडील तो तो हुकूम हा वाचतो, जुने यंत्र जे करते तेच करून दाखवतो, आणि खेळाला पत्ताही लागत नाही. मी म्हटले, "म्हणजे बहुरूपीच की!" आमच्या लहानपणी गल्लीत बहुरूपी यायचा, आज पोलीस, उद्या वैद्य. तो हसला. म्हणाला, "हो आई, बहुरूपीच." असे बरेच बहुरूपी एका ठिकाणी बांधून दिलेले एक फुकट मिळणारे गाठोडे आहे, त्याचे नाव रेट्रोपाय. शेजारच्या भाच्याच्या लॅपटॉपवरून ते मेमरी कार्डावर उतरवले आणि कार्ड पाटीत खोचले.

सोंग घ्यायला अंगात ताकद मात्र पाहिजे. १९८९ साली जपानात गेमबॉय नावाचे हातात धरायचे खेळयंत्र निघाले होते. त्याची काम करायची स्मृती होती आठ किलोबाइट. आमच्या पाटीची ५१२ मेगाबाइट, म्हणजे ६५,५३६ पट. त्याच्या घड्याळाचे ठोके सेकंदाला सुमारे ४२ लाख, हिचे शंभर कोटी. म्हणून ही बिस्किटाएवढी पाटी आरामात त्याचे सोंग वठवते.

त्या गेमबॉयचे कर्ते गुनपेई योकोई. त्यांची एक गोष्ट मला फार आवडली. ते निंटेंडो कंपनीत १९६५ साली लागले, पण यंत्रांची देखभाल करणारे म्हणून. ही कंपनी मुळात पत्ते छापणारी. एकदा त्यांनी आगगाडीत पाहिले की एक कंटाळलेला गृहस्थ गणकयंत्राची बटने उगाच दाबत बसला आहे. त्यावरून त्यांना खिशात मावणारा खेळ सुचला आणि तो १९८० साली बाजारात आला. योकोईंचे सांगणे असे की, वस्तू करताना सर्वांत नवी आणि महागडी चीज घेऊ नये. जुनी झालेली, स्वस्त, गुणदोष पक्के ठाऊक असलेली चीज घ्यावी आणि तिचा नवा उपयोग शोधावा. गेमबॉयचा पडदा म्हणूनच रंगीत नव्हता, नुसत्या चार छटांचा होता. पण चार पेन्सिल सेलवर तो तासन् तास चाले, आणि असल्या यंत्रांचा पुढे अकरा कोटींवर खप झाला. भगिनींनो, हे ऐकून मी मुलाला म्हटले, "यात जपानी काय आहे? जुन्या लुगड्याची गोधडी शिवणारी तुझी आजी दुसरे काय करीत होती?"

गणपतीत आमचे काम सुरू झाले. पहिले आठ दिवस नवे काहीच केले नाही, नुसते कच्चे जोड उसवले. शिवण उसवतो तसेच. तांब्याच्या बारीक तारांची एक विणलेली पट्टी मिळते. ती जोडावर ठेवून वरून सळई टेकवली की डाख पट्टीत शोषला जातो. मग पुन्हा नव्याने जोड द्यायचा. चांगला जोड कसा ओळखावा? तो चकचकीत असतो आणि मोदकाच्या टोकासारखा खाली पसरट, वर निमुळता असतो. गोळा बसला तर तो वरवर चिकटला आहे, आत धरलेला नाही, असे समजावे. पाटीला चाळीस भोके आहेत. सळई दोन-तीन सेकंदांपेक्षा जास्त टेकवायची नाही, नाही तर पाटीचा पदर सुटतो. खिडकी उघडी ठेवायची, धूर नाकात घ्यायचा नाही, आणि डाखात शिसे असते म्हणून उठल्यावर साबणाने हात धुतल्याशिवाय स्वयंपाकाला लागायचे नाही. हा नियम मी मुलालाही घातला.

बटनांचे काम सोपे आहे. बाजारात 'झिरो पीसीबी' नावाची भोकाभोकांची पाटी मिळते. तिच्यावर बटने बसवायची. प्रत्येक बटनाचा एक पाय संगणकाच्या एकेका भोकाला वेगळ्या तारेने जोडायचा आणि दुसरे पाय सगळे एकाच काळ्या तारेत ओवायचे, गजरा ओवावा तसे. बटन दाबले की दोन्ही पाय जुळतात आणि संगणकाला कळते. कुठल्या भोकाला कुठले बटन, हे मुलाने एका फाइलीत लिहिले. मी वहीच्या पानावर त्याचा तक्ता काढला. इंग्रजी अक्षरे मला नीट येत नसत, म्हणून तारांचे रंग लिहिले: पिवळी वर, हिरवी खाली, जांभळी डावीकडे. पुढे तोच तक्ता पाहून मुलगा काम करू लागला. तो तक्ता या टेबलावर मांडला आहे.

आता माझी चूक सांगते. ती लपवली तर हे भाषण खोटे होईल.

संगणकाला पाच व्होल्टांची वीज लागते. आमची बॅटरी मोबाइलमध्ये असते तशा जातीची, सुमारे पावणेचार व्होल्टांची. म्हणून मध्ये एक बारीक पाटी घालतात, ती व्होल्ट वाढवून देते. या पाटीवर पितळेचा एक इवलासा स्क्रू असतो. तो फिरवून व्होल्ट कमी-जास्त होतात, आणि दुकानातून येते तेव्हा ती कितीवर असेल त्याचा नेम नसतो. मुलगा मला बजावून झोपला होता, "आई, मीटर लावून पाच करून घेतल्याशिवाय संगणकाला जोडू नकोस." नवरात्र होते, उपासाची धांदल होती. मला वाटले, सकाळी तो उठेल तेव्हा पडदा पेटलेला दाखवावा. मी मीटर लावला नाही. जोडून कळ सरकवली. ना धूर, ना आवाज. पडदा एकदा पांढरा झाला आणि विझला. मग मीटर लावला तर काटा बारावर! सोळाशे रुपयांची पाटी एका क्षणात गेली.

मी ओट्यापाशी बसून रडले. पैशासाठी रडले, पण त्याहून जास्त भीती वाटली ती ही, की महिनाभर उघडे असलेले ते दार आता परत लागणार. सकाळी तो उठला, मी सगळे सांगितले. तो पाटी उलटसुलट करून पाहत राहिला. मग म्हणाला, "म्हणजे आई, तू पण नापास."

मी गप्प.

मग म्हणाला, "बरं, मग पुन्हा बसू."

बायांनो, तो पाटीविषयी बोलत होता की आणखी कशाविषयी, ते मी विचारले नाही. काही गोष्टी विचारायच्या नसतात. त्या रात्री जेवताना मी यजमानांना आणि सासूबाईंना माझी चूक सांगितली. शिकवणीच्या पैशांचे मुलाने स्वतः सांगितले. थोडा आरडाओरडा झाला. पण आरडाओरडा झाला म्हणजे घरातली माणसे एकमेकांशी बोलू लागली, असाही त्याचा अर्थ आहे.

दुसरी पाटी मी माझ्या पैशांनी आणली. दिवाळीच्या फराळाच्या ऑर्डरींचा आगाऊ पैसा आला होता, त्यातून. बुधवार पेठेत तपकीर गल्लीत आम्ही दोघे गेलो. एका दुकानात मी सामान मागितले तर दुकानदार मुलाकडे पाहून बोलू लागला. मुलगा म्हणाला, "त्यांना विचारा, जोडकाम त्या करतात." तेव्हा मला जे वाटले ते मी इथे सांगू शकत नाही. घरी आल्यावर आधी मीटर, मग स्क्रू, मग पुन्हा मीटर. पाचवर आणून त्या स्क्रूवर नखरंगाचा थेंब टाकला, म्हणजे तो परत फिरणार नाही. वसुबारसेच्या संध्याकाळी कळ सरकवली आणि पडदा उजळला. पणती लावायच्या आधी आमच्या घरात तो दिवा लागला.

ज्यांना करून पाहायचे असेल त्यांच्यासाठी आमचा २०२४ सालचा हिशेब सांगते. संगणकाची पाटी १६००, पडदा ८५०, मेमरी कार्ड ४००, बॅटरी ४५०, आणि बटने, तारा, व्होल्ट वाढवणारी पाटी, बॅटरी भरणारी पाटी, छोटा स्पीकर आणि त्याची आवाज वाढवणारी पाटी मिळून ६००. एकंदर ३९०० रुपये. माझ्या चुकीचे १६०० निराळे. साबणाची डबी घरचीच. डबी लोखंडाची घेऊ नये, तारा टेकून घात होतो. खिडकी करवतीच्या पात्याने कापली आणि कानशीने घासली. भरलेली बॅटरी अडीच तास पुरते. बॅटरीला टोचू नये, दाबू नये, आणि ती फुगलेली दिसली तर तिचा मोह धरू नये. आणखी एक: खेळ संपला म्हणजे एकदम कळ बंद करू नये. आधी पडद्यावरच्या यादीतून संगणकाला 'आता मिटव' असे सांगावे, तो मिटला की मग कळ. पोळी तव्यावर असताना आपण गॅस बंद करीत नाही, तसेच. सासऱ्यांनी एकदा मध्येच कळ ओढली आणि कार्डावरचे सगळे पुन्हा उतरवावे लागले.

खेळांबद्दलही बोलले पाहिजे. जुने खेळ कुठूनही फुकट उतरवून घेता येतात असे मुले सांगतात. पण खेळ जुना झाला म्हणजे बेवारशी होत नाही. त्याचे हक्क करणाऱ्याकडे असतात. मी मुलाला म्हटले, आपण कोणाचे पुस्तक छापून वाटत नाही, तसेच हे. तेव्हा जे खेळ त्यांच्या कर्त्यांनी आपण होऊन सर्वांना दिले आहेत तेवढेच या डबीत आहेत. त्यातला एक माझा लाडका आहे, टोबू टोबू गर्ल. हा खेळ २०१७ साली निघाला, पण जुन्या गेमबॉयसाठी लिहिलेला. त्यात एक मुलगी आपल्या आभाळात गेलेल्या मांजरीसाठी उड्या मारीत वर वर जाते. मी अजून पहिल्याच टप्प्यावर पडते.

आता शेवटची गोष्ट. १९९२ साली माझ्या भावाला वडिलांनी दूरदर्शनला जोडायचा व्हिडिओ गेम आणला होता. जपानी यंत्राची नक्कल होती ती. कॅसेट चालेनाशी झाली की फुंकर मारायचे काम माझे, चहा आणून द्यायचे काम माझे, आणि खेळायचे काम भाऊ आणि त्याच्या मित्रांचे. "मुलींना काय कळतंय त्यातलं!" असे म्हणत, आणि मलाही ते खरे वाटे. पुढच्याच वर्षी माझी शाळा सुटली. गेल्या भाऊबीजेला भाऊ आला. पन्नाशीकडे झुकलेला माणूस, डबी हातात घेतली आणि लहान मुलासारखा रमला. ओवाळायचे ताट घेऊन मी उभी. शेवटी म्हटले, "दादा, पाच मिनिटं झाली. आता माझी पाळी." तो हसला, मग एकदम गप्प झाला. म्हणाला, "तेव्हा तुला कधी दिलाच नाही ना गं." मी म्हटले, "तेव्हा मी मागितलाही नाही." आणि डबी त्याच्या हातून घेतली.

मुलाचे काय झाले, असे आपल्या मनात असेल. चमत्कार काही झाला नाही. हिवाळी परीक्षेत त्याने तीनपैकी दोन विषय सोडवले. गणित राहिले आहे. पण आता दार उघडे असते आणि गणिताचे पुस्तक स्वयंपाकघरातल्या टेबलावर असते. तो अडला की चिडून माझ्याकडे पाहतो. मला त्यातले काही कळत नाही, पण मी म्हणते, "आधी दोन्ही बाजू तापव, मग डाख लाव." आमच्या घरातली ती म्हणच झाली आहे. मला वाटते माणसांचेही तसेच असते. एकच बाजू तापून उपयोग नाही. दोन महिने मी एकटीच तापत होते आणि जोड कच्चाच राहत होता.

ही डबी मी आजपासून मंडळाच्या बालवाचनालयाला देत आहे. अट एकच. खेळायची यादी वहीत लिहून पाळीने चालवावी आणि त्या यादीत पहिली पाच नावे मुलींची असावीत. मुली मागत नाहीत, म्हणून त्यांना नको असते असे समजू नये. आणि ज्या भगिनींना जोडकाम शिकायचे असेल त्यांनी पुढचे चार शनिवार दुपारी माझ्याकडे यावे. बंद पडलेली दिव्यांची माळ, तुटलेला चार्जर, गप्प झालेला रेडिओ, जे असेल ते घेऊन यावे. फी काही नाही. मुले खुशाल बरोबर आणावीत.